लॉगबुक लिहावे, पण बॉयलर विझवून नव्हे



पावसाळा ओसरू लागला की कारखान्यावर ओव्हरहॉलिंगची घाई सुरू होते. मिलचे रोलर उतरवून पाहिले जातात, नाईफना धार लागते, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, वजनकाट्यांची तपासणी होते. हंगामात तासभर मिल बंद पडली तर त्याचा भुर्दंड कोणाला बसतो हे आपणा सर्वांस पक्के ठाऊक आहे, म्हणून हे काम कोणी टाळत नाही. परंतु आता कारखान्यात आणखी एक यंत्र असे आहे की, त्याच्या ओव्हरहॉलिंगची आठवण फारशी कोणाला होत नाही. ते म्हणजे आपला सर्व्हर. गट ऑफिसातले, शेतकी खात्यातले, काट्यावरचे संगणक आणि सभासदांचे मोबाईल ज्या एका मुख्य संगणकाला विचारूनच पुढे जातात, तो हा सर्व्हर.

उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, काट्यावरचे वजन, खेपेचा मेसेज, बिलाचा हिशेब, हे सारे आज याच्यातून जाते. एरव्ही गुण्यागोविंदाने चालणारा हा गडी ऐन गर्दीत मात्र दमतो, अशी तक्रार सभासदांच्या तोंडून वरचेवर ऐकू येते. पहिल्या उचलीचा दर जाहीर झाला की सगळेच एकदम मोबाईल उघडतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. "साहेब, खेप खाली करून दोन तास झाले, वजनाचा मेसेज कुठं आहे?" हा प्रश्न चिटबॉयला रोज ऐकावा लागतो. काट्यावर पावती निघायला वेळ लागला की मागे गाड्या तटतात, बैल ताटकळतात आणि गाडीतला ऊस वाळतो. वाळलेल्या उसाचे वजन कोणाच्या खिशातून जाते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

यावर दोन उपाय हटकून सुचवले जातात. एक म्हणजे, "मोठा सर्व्हर घ्या." दुसरा म्हणजे, "हा संगणक नाही त्या नोंदी लिहीत बसतो, त्या बंद करून टाका, म्हणजे पळेल." आमच्या मते पहिला उपाय घाईचा आहे आणि दुसरा धोक्याचा. संगणक दमण्याची कारणे अनेक असतात. पण तो कोणत्या नोंदी, किती आणि कशा लिहितो हे एक कारण असे आहे की, ते तपासायला पैसा लागत नाही आणि तरीही ते सर्वांत शेवटी तपासले जाते. म्हणून या अंकात त्याविषयी दोन शब्द.

संगणकाचे लॉगबुक

आपल्या बॉयलर हाऊसमध्ये लॉगबुक असते. ठरल्या वेळी वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती, तापमान किती, याची नोंद होते. काही बिघाड झाला तर त्या वहीवरून कारण शोधता येते. संगणकाचेही तसेच लॉगबुक असते, त्याला नुसते 'लॉग' म्हणतात. कोण आले, किती वाजता आले, काय मागितले, काय उत्तर दिले, कुठे चूक झाली, हे तो ओळीमागून ओळ लिहीत जातो.

आता कल्पना करा की, बॉयलरवरच्या माणसाला कोणी हुकूम सोडला की तासाला नव्हे, दर सेकंदाला दाब लिहायचा; शिवाय झडप किती फिरवली, बगॅस किती पडला, घाम कितीदा पुसला, तेही लिहायचे. वही भरेल खरी, पण बॉयलर कोण पाहणार? लिहिता लिहिता वाफ उतरेल आणि मिल थांबेल. गर्दीच्या वेळी सर्व्हरचे नेमके हेच होते.

किती बारीक लिहायचे याच्या संगणकात पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'सिसलॉग' नावाच्या सर्वमान्य पद्धतीत त्या ० ते ७ अशा आठ आहेत. ० म्हणजे यंत्रणाच कोसळली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे सावधानता, ६ म्हणजे नेहमीची माहिती आणि ७ म्हणजे 'डिबग'. डिबगमध्ये संगणक आपले प्रत्येक पाऊल लिहून काढतो. प्रोग्राम तयार होत असताना चुका शोधण्यासाठी त्याची गरज असते. घर बांधताना परांची लागते; पण घरभरणी झाल्यावर परांची तशीच ठेवून कोणी राहायला जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र पुष्कळ ठिकाणी असेच होते. प्रोग्राम बसवून देणारे निघून जातात आणि डिबग चालूच राहते.

बंद हंगामात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. समजा, एका विचारणेमागे साध्या पद्धतीने एक ओळ लिहिली जाते आणि डिबगमध्ये शंभर ओळी. दिवसाला दहा माणसे आली तर हजार ओळी झाल्या. त्याचे काय ओझे? पण उचलीचा दर जाहीर झालेल्या संध्याकाळी सेकंदाला शंभर माणसे आली, तर त्याच सेकंदात दहा हजार ओळी लिहायच्या. म्हणून ऑफिसातले लोक म्हणतात, "काल तर नीट चालत होता!" काल चालत होता, कारण काल गर्दी नव्हती.

वेळ नेमका कुठे जातो?

पहिली गोष्ट डिस्कची. जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते. सर्रास वापरातल्या डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. 'प्रत्येक ओळ डिस्कवर पक्की उमटल्याशिवाय पुढचे काम करायचे नाही' असा हुकूम असेल, तर सेकंदाला शंभर-सव्वाशे ओळींच्या पुढे गाडी रेटणे कठीण. नव्या एसएसडीत फिरणारी चकती नसते आणि ती कितीतरी वेगवान असते. पण दर ओळीला थांबायचा हुकूम तिथेही भोवतोच. लिनक्सच्या जुन्या सिसलॉगमध्ये फाईलच्या नावापुढे एक वजाचे चिन्ह टाकले की हे दर ओळीचे थांबणे बंद होत असे. एका आडव्या रेघेवर सर्व्हरचा दम अवलंबून होता, आता बोला!

दुसरी गोष्ट लेखणीची. दहा कारकून बसवले, पण वही एकच आणि लेखणीही एकच, तर नऊजण हात बांधून बसणार. सर्व्हरमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. त्या सर्वांना एकाच लॉगमध्ये लिहायचे असेल तर एक लिहितो आणि बाकीचे वाट पाहतात. अशा वेळी सर्व्हरवर ताण दिसत नाही, तो निवांत दिसतो, आणि तरी उत्तर येत नाही. हा मोठा फसवा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट चौकशीची. अपाची नावाचा वेबसाईट चालवणारा जगप्रसिद्ध प्रोग्राम आहे. त्यात आलेल्या पाहुण्याचा नुसता आकडी पत्ता लिहिण्याऐवजी त्याचे नाव शोधून लिहिण्याची सोय आहे. नाव शोधायचे म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या संगणकाला विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची. म्हणजे प्रत्येक गाडी फाटकावर अडवून, गाडीवानाच्या गावी फोन करून "हा तुमचाच का?" असे विचारण्यापैकी. १९९८ साली आलेल्या अपाचीच्या १.३ आवृत्तीपूर्वी ही चौकशी मुळातच चालू असे. तिच्यामुळे दर विचारणेला उशीर होतो म्हणून ती पुढे मुळातच बंद ठेवण्यात आली. हौसेने कोणी पुन्हा चालू केली असेल, तर तेवढे पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट जागेची. जुन्या वह्या उचलून दप्तरखान्यात न ठेवता टेबलावरच रचत गेले तर एक दिवस लिहायला जागा उरत नाही. लॉगने डिस्क भरली आणि त्याच डिस्कवर वजनाचा हिशेबही असला, तर हिशेबाची नवी नोंद होत नाही. मग सर्व्हर नुसता मंद होत नाही, ठप्प होतो. आणि रात्री दोन वाजता काट्यावर रांग असतानाच होतो.

गव्हाणीची युक्ती

यावर इलाज आहे, आणि तो आपल्याला नवा नाही. गाडी गव्हाणीत ऊस टाकते आणि माघारी वळते. त्या उसाचा रस निघेपर्यंत गाडीवान तिथे उभा राहत नाही. गव्हाणीत ऊस साठतो आणि मिल आपल्या चालीने तो ओढून घेते. लॉगचेही तसेच करता येते. ओळी आधी संगणकाच्या स्मरणात साठवायच्या आणि मोळी झाली की एकदम डिस्कवर टाकायच्या. याला बफर म्हणतात. एनजिनएक्स नावाच्या सर्व्हर प्रोग्रामला ३२ किलोबाइटचा बफर ठरवून दिला आणि एक ओळ साधारण २०० अक्षरांची धरली, तर दीडशेच्या वर ओळी एका खेपेत जातात. दीडशे फेऱ्यांचे काम एका फेरीत झाले! गर्दी नसताना ओळी अडकून राहू नयेत म्हणून 'पाच सेकंदांनी आहे तेवढे टाक' असेही सांगून ठेवता येते.

मात्र गव्हाण तुडुंब भरली तर काय करायचे, तेही आधी ठरवावे लागते. गाड्या थांबवायच्या, की काही ऊस बाजूला टाकायचा? जावा भाषेतल्या प्रोग्रामांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'लॉग४जे' या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही सोयी आहेत. काही सांगितले नाही तर तो काम थांबवून जागा होण्याची वाट पाहतो. सांगितले तर माहिती व डिबगच्या ओळी सोडून देतो आणि चुकीच्या व सावधानतेच्या ओळी ठेवतो. नेहमीच्या माहितीसाठी आम्हांला दुसरी रीत योग्य वाटते. हजार माणसांनी दर पाहिला, त्यातल्या दहांची नोंद राहिली नाही, तर कोणाचे काही बुडत नाही.

वजन म्हणजे लॉग नव्हे

आता खरा मुद्दा. स्मरणात साठवलेल्या ओळी वीज गेली की पुसल्या जातात. कोणी किती वाजता दर पाहिला याची ओळ गेली तर चालेल. पण आपल्या उसाचे वजन गेले तर चालेल का?

इथे नावाचा एक मोठा घोटाळा आहे. हिशेब ठेवणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला डेटाबेस म्हणतात, त्याचीही स्वतःची एक वही असते आणि तिलाही लॉगच म्हणतात. वजनाचा प्रत्येक व्यवहार आधी या वहीत पक्का लिहिला जातो आणि मगच 'झाले' असे उत्तर मिळते. वीज गेली तरी या वहीवरून हिशेब पुन्हा उभा करता येतो. बाहेरचा लॉग ही फाटकावरची बारनिशी आहे. ही आतली वही म्हणजे रोजकीर्द आहे. नाव एक, काम वेगळे.

'लॉग हलका करा' असा मोघम हुकूम सुटला आणि एखाद्या उत्साही माणसाने या दुसऱ्या वहीलाच हात घातला, तर काय होईल? मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये एक कळ आहे. तिचा मूळ आकडा १ असतो, म्हणजे प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का करायचा. तो ० किंवा २ केला की वेग झपाट्याने वाढतो. पण वीज अचानक गेली तर सुमारे शेवटच्या एका सेकंदाचे व्यवहार हरवू शकतात. कोणी म्हणेल, "एका सेकंदानं काय होतंय?" अहो, त्या एका सेकंदात एका ट्रॉलीचे वजन बसते! शेतकऱ्याच्या हातात पावती आणि कारखान्याच्या दप्तरी खेपच नाही, असा प्रसंग येईल. वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, राबून आणलेला ऊस. त्याचा पुरावा सेकंदाच्या बचतीसाठी उघड्यावर ठेवायचा का? पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्येही अशी कळ आहे, आणि तीही वजनाच्या हिशेबासाठी कोणी फिरवू नये.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात आणि उशीर झाल्यास व्याज लागू होते. हे १४ दिवस मोजायचे कुठून? ऊस कारखान्याला पोचल्याच्या नोंदीपासून. ती नोंद डळमळीत झाली तर पुढचा सारा हिशेब डळमळीत झाला. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. फाटकावरची बारनिशी सवडीने लिहा, रोजकीर्द मात्र जागच्या जागी आणि पक्की लिहा.

नोंदी बंद करू नका

सगळे लॉग बंद केले तर संगणक थोडा हलका होईल हे खरे. पण ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे ते होईल. सर्व्हर का दमला हे पुढच्या वेळी कळायचे कसे? कोणी बाहेरून घुसून वजनात किंवा बँक खात्याच्या आकड्यात हात घातला तर माग काढायचा कसा? वजनाविषयी शंका घेणाऱ्या सभासदाला कारखान्याने काय दाखवायचे? शिवाय हा केवळ आपल्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्था-कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग चालू ठेवावेत आणि १८० दिवसांचे जपून ठेवावेत असे म्हटले आहे.

तसेच, काय लिहायचे नाही हेही ठरले पाहिजे. ट्विटर या अमेरिकी कंपनीने मे २०१८ मध्ये जाहीर केले की, ग्राहकांचे पासवर्ड तिच्या आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. आणि कोट्यवधी लोकांना पासवर्ड बदलण्यास सांगावे लागले. आपल्याकडे सभासदाचा आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्ड यांपैकी काहीही लॉगमध्ये उमटता कामा नये. डिबग चालू राहण्याचा हा दुसरा तोटा आहे. तो नुसता वेळ खात नाही, घरातले बाहेर सांगतो. आणि लॉग लिहिणारा प्रोग्रामही जुना राहू देऊ नये. डिसेंबर २०२१ मध्ये वर सांगितलेल्या लॉग४जेमध्येच असे भगदाड सापडले की, लॉगमध्ये विशिष्ट मजकूर उमटवून बाहेरचा माणूस सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. जगभरच्या संगणकवाल्यांना तेव्हा रात्री जागवाव्या लागल्या.

मोठा सर्व्हर आधी नको

राहिला नव्या सर्व्हरचा प्रश्न. गरज असेल तर तो जरूर घ्यावा. परंतु जुन्याच पद्धतीने डिबग चालू ठेवून, जुन्याच एका वहीत सर्वांना लिहायला लावून नवा आणला, तर तोही पुढच्या हंगामात दमेल, आणि मग आणखी मोठा आणा म्हणतील. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला! हा पैसा सभासदांच्या घामाचा आहे. आधी असलेल्या यंत्राची घडी नीट बसवावी, मोजमाप करावे आणि मगच खरेदीचा ठराव मांडावा.

यासाठी संचालक मंडळाने अग्निप्रदीपनापूर्वी पुढील गोष्टी करून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे :

१. प्रत्येक प्रोग्रामचे डिबग बंद आहे याची लेखी खात्री करावी. माहिती, सावधानता आणि चूक यांच्या नोंदी चालू ठेवाव्यात.

२. येण्याजाण्याच्या नोंदी बफरमधून लिहाव्यात. चुकीची नोंद मात्र लगेच उमटावी.

३. वजनाचा हिशेब आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर असावेत. जुने लॉग ठराविक दिवशी दाबून दप्तरात जावेत आणि १८० दिवसांचे जपले जावेत.

४. डेटाबेसची पक्की नोंद करणारी कळ कोणी, केव्हा, कोणाच्या परवानगीने बदलली, याची नोंद ठेवावी. हंगामात ती बदलण्याची मुभा कोणालाही नसावी.

५. मिलची ट्रायल घेतात तशी सर्व्हरचीही घ्यावी. जेमीटरसारख्या प्रोग्रामने खोटी गर्दी उभी करता येते. एकदा आजच्या मांडणीवर आणि एकदा दुरुस्त मांडणीवर तेवढीच गर्दी सोडावी, उत्तराला किती वेळ लागला ते दोन्ही वेळा मोजावे आणि ते आकडे वार्षिक सभेत ठेवावेत.

यांतील बहुतेक कामांना नवे यंत्र लागत नाही. लागतात ते चार दिवस, एक जाणता माणूस आणि विचारणारे सभासद. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे. साखर उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च, मळीचा दर यांवर आपण सभेत तासन्‌तास बोलतो. संगणकाचा विषय निघाला की "ते इंजिनियर बघतील" म्हणून मोकळे होतो. सहकारी कारखानदारी प्रवरानगरला उभी राहिली तेव्हा साखर कशी होते हे तरी किती शेतकऱ्यांना ठाऊक होते? विचारत विचारतच ते शिकले आणि मालक झाले.

तेव्हा येत्या सभेत एक प्रश्न जरूर विचारावा : "आपला सर्व्हर हंगामात काय काय लिहितो, कुठे लिहितो, आणि माझ्या उसाचे वजन वीज गेली तरी राहते का?" याचे उत्तर सरळ आणि आकड्यांनिशी मिळाले, तर हंगामाची निम्मी तयारी झाली असे समजावे. मिळाले नाही, तर ओव्हरहॉलिंग अजून पुरे व्हायचे आहे.